चमचा, मेणबत्ती आणि डॉ. रिचर्ड ब्राइट

मार्च महिन्यातील दुसरा गुरुवार हा जागतिक मूत्रपिंड दिन म्हणून पाळला जातो. २००६ पासून ही प्रथा सुरू झाली. त्या दिवशी शिबिरे होतात, फेऱ्या निघतात, मूत्रपिंडविकारतज्ज्ञांच्या मुलाखती छापून येतात. मधुमेह आणि रक्तदाब आटोक्यात ठेवा, वर्षातून एकदा लघवी तपासून घ्या, असा सल्ला दिला जातो. लघवी का तपासायची आणि तीत नेमके काय शोधायचे, हे ज्यांनी वैद्यकाला शिकवले त्या डॉ. रिचर्ड ब्राइट यांचे नाव मात्र या गर्दीत क्वचितच ऐकू येते. एकेकाळी मूत्रपिंडाचा जवळजवळ प्रत्येक दीर्घ विकार त्यांच्याच नावाने ओळखला जात असे. जुन्या इंग्रजी चरित्रांत मृत्यूचे कारण म्हणून ‘ब्राइट्स डिसीज’ हे शब्द इतक्या वेळा भेटतात, की वाचणाऱ्याला तो एखादा साथीचा आजार वाटावा. अमेरिकेचे अध्यक्ष चेस्टर आर्थर १८८६ मध्ये याच आजाराने गेले. थिओडोर रूझवेल्ट यांची पहिली पत्नी १८८४ मध्ये, बाळंतपणानंतर दोनच दिवसांत, याच आजाराने दगावली.

आजाराला नाव देणारा हा माणूस जन्माने श्रीमंत होता. २८ सप्टेंबर १७८९ रोजी इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात एका बड्या व्यापारी आणि पेढीवाल्या घराण्यात त्यांचा जन्म झाला. ब्रिस्टल हे त्या काळी अटलांटिकपलीकडच्या व्यापाराचे बंदर होते आणि त्या व्यापाराचा पाया गुलामांची खरेदी-विक्री हा होता. ब्राइट घराण्याची संपत्तीही त्याला अपवाद नव्हती. आजोबा हेन्री ब्राइट गुलामांच्या व्यापारात होते आणि कुटुंबाचे जमैकातील उसाच्या मळ्यांशी संबंध होते. वडिलांना शास्त्रांची आवड होती, घरी विद्वानांची ये-जा होती, मुलांच्या शिक्षणावर सढळ हाताने खर्च होत होता. हा पैसा कुठून आला, याची नोंद डॉक्टरांच्या जुन्या गौरवपर चरित्रांत सहसा सापडत नाही. ती असायला हवी.

१८०८ मध्ये तरुण रिचर्ड एडिंबरा विद्यापीठात दाखल झाले ते तत्त्वज्ञान आणि गणित शिकण्यासाठी. वर्षभरातच ते वैद्यकाकडे वळले. परंतु वैद्यकाचे शिक्षण नीट मार्गी लागण्याआधीच, १८१० मध्ये, सर जॉर्ज मॅकेंझी यांच्या मोहिमेबरोबर ते आइसलँडला निघून गेले. वय अवघे वीस. बरोबर हेन्री हॉलंड हा समवयस्क मित्र होता, जो पुढे स्वतःही राजघराण्याचा वैद्य झाला. उन्हाळाभर ही मंडळी उकळत्या पाण्याचे फवारे, लाव्हाची पठारे आणि हेक्ला ज्वालामुखी पाहत हिंडली. मोहिमेवरील ग्रंथ १८११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातील वनस्पती आणि प्राण्यांविषयीच्या नोंदी ब्राइट यांच्या होत्या. त्याच सुमारास ब्रिस्टल परिसरातील खडकांच्या थरांवर त्यांनी लंडनच्या भूशास्त्र मंडळापुढे निबंध वाचला. खडक असो, रोपटे असो वा पुढे आजारी माणसाचे मूत्रपिंड असो, आधी नीट पाहायचे, मग चित्र काढायचे, मग लिहायचे, ही सवय त्यांना याच दिवसांत लागली असावी.

१८१३ मध्ये एडिंबराची पदवी हाती आली. तरीही लंडनमध्ये मानाने वैद्यकी करायची तर एक अडचण होती. रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेचे पूर्ण सदस्यत्व त्या काळी व्यवहारात ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या पदवीधरांसाठीच राखलेले होते. ब्राइट केंब्रिजच्या पीटरहाऊस महाविद्यालयात गेलेही. पण तिथल्या निवासाचे नियम आणि रुग्णालयातील काम यांचा मेळ बसेना, तेव्हा दोन सत्रांत ते बाहेर पडले. पुढे १८१६ मध्ये त्यांना या संस्थेचा परवाना मिळाला आणि पूर्ण सदस्यत्वासाठी १८३२ साल उजाडले. तोवर त्यांच्या नावाचा आजार वैद्यकजगताला माहीत झाला होता!

मधल्या काळात पुन्हा प्रवास. १८१४-१५ च्या हिवाळ्यात ते व्हिएन्नात होते. नेपोलियनच्या पाडावानंतर युरोपची फेरवाटणी करण्यासाठी तिथे राजे-महाराजे जमले होते. नाचगाण्यांच्या त्या गर्दीतून हा डॉक्टर हंगेरीच्या खेड्यापाड्यांत उतरला. बालाटन सरोवराकाठच्या केस्टहेय गावी काउंट फेस्टेटिक्स यांनी काढलेली शेतकी शाळा, खाणी, द्राक्षमळे, वेठबिगारीने पिचलेले शेतकरी, गावकुसाबाहेर राहणारे जिप्सी, अशा सगळ्यांचे वर्णन त्यांनी केले. १८१८ मध्ये निघालेल्या त्यांच्या जाडजूड प्रवासवर्णनात स्वतः काढलेली चित्रे आहेत. परतीच्या वाटेवर ते ब्रसेल्सला थांबले. वॉटर्लूची लढाई होऊन काही दिवसच झाले होते आणि शहरातील रुग्णालये जखमी सैनिकांनी भरून वाहत होती.

लंडनला आल्यावर त्यांनी साथीच्या तापाच्या रुग्णालयात नोकरी धरली आणि तिथला ताप स्वतःच घेऊन मरणाच्या दारातून परत आले. १८२० मध्ये गाइज हॉस्पिटलमध्ये सहायक वैद्य म्हणून त्यांची नेमणूक झाली, १८२४ मध्ये ते पूर्ण वैद्य झाले. पुढील वीस-बावीस वर्षे हेच त्यांचे कार्यक्षेत्र राहिले.

गाइज हॉस्पिटलविषयी दोन शब्द सांगायला हवेत. थेम्स नदीच्या दक्षिण काठी, लंडन ब्रिजजवळच्या सदर्क भागात ते उभे आहे. थॉमस गाय नावाच्या पुस्तकविक्रेत्याने साउथ सी कंपनीच्या समभागांत अमाप पैसा मिळवला, फुगा फुटण्याआधी ते विकले आणि त्या पैशातून हे धर्मादाय रुग्णालय उभारले. कवी जॉन कीट्स याच रुग्णालयात वैद्यक शिकला. सदर्क म्हणजे कातडी कमावणारे, दारू गाळणारे, गोदीवर हमाली करणारे यांची वस्ती. दमट खोल्या, थंडी, जिन नावाची स्वस्त दारू. इथून येणाऱ्या रुग्णांत एक प्रकार नेहमीचा होता. चेहरा फुगलेला, डोळ्यांखाली पिशव्या, पाय सुजून खांबासारखे झालेले, पोटात पाणी. बोटाने दाबले तर खळगा पडे आणि तो बराच वेळ तसाच राही. इंग्रजीत याला ‘ड्रॉप्सी’ म्हणत. आपल्याकडे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी ‘अंगावर पाणी चढले’ असा शब्दप्रयोग आहे, तो अगदी याच अर्थाचा.

त्या काळी हा सूज येण्याचा प्रकार स्वतंत्र आजारच मानला जाई. उपाय म्हणून रक्त काढायचे, जुलाब द्यायचे, पोटाला छिद्र पाडून पाणी सोडायचे. विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये डिजिटालिस या वनस्पतीचे औषध जगापुढे आणल्यावर काही रुग्णांची सूज झपाट्याने उतरू लागली, काहींची मात्र तसूभरही हलेना. दोघांच्या सुजेत काहीतरी फरक होता हे उघड होते. पण तो कोणता?

काही धागे आधीपासून लोंबत होते. इटलीच्या कोटुन्यो यांना अठराव्या शतकातच सूज आलेल्या रुग्णाची लघवी तापवल्यावर अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी गोठलेली दिसली होती. इंग्लंडमध्ये वेल्स आणि ब्लॅकॉल यांनीही तशाच नोंदी केल्या होत्या. परंतु लघवीतील हा पांढरा साका, अंगावरची सूज आणि शरीराच्या आत दडलेले मूत्रपिंड ही तीन टोके कुणी एकत्र बांधली नव्हती. ब्राइट यांनी ती बांधली. कशी, तर वर्षानुवर्षे रोज सहा-सहा तास रुग्णकक्ष आणि शवागार यांच्यामध्ये येरझाऱ्या घालून.

पद्धत अगदी साधी होती. रुग्णाच्या खाटेपाशी चमचाभर लघवी घ्यायची आणि चमचा मेणबत्तीच्या ज्योतीवर धरायचा. लघवी निरोगी असेल तर उकळूनही स्वच्छ राहते. तीत अल्ब्युमिन हे प्रथिन असेल तर ती गढूळ होते, कधी कधी दह्यासारखी घट्ट होते. ब्राइट ही चाचणी करीत, रुग्णाचे खाणेपिणे, काम, आधीचे आजार लिहून घेत आणि वाट पाहत. त्यातले अनेक जण मरत. मग शवागारात त्याच माणसाचे मूत्रपिंड हातात घेऊन ते पाहत. कधी ते मोठे, फिकट, पिवळसर आणि मऊ असे. कधी पृष्ठभागावर रव्यासारखे दाणे उमटलेले. कधी आकसून कडक झालेले, आवरण ओढले तर सोलून न निघणारे. आणि ज्यांची लघवी गोठत नसे, पण अंगावर सूज असे, त्यांच्या शरीरात बहुधा यकृत किंवा हृदय बिघडलेले सापडे, मूत्रपिंडे ठाकठीक असत. चमच्यातील साक्याने शवागाराचे उत्तर आधीच सांगितलेले असे.

आज आपल्याला यामागचे कारण ठाऊक आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दिवसभरात त्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो, त्यातला जवळजवळ सगळा पुन्हा शोषला जातो आणि लघवी म्हणून जेमतेम दीड-दोन लिटर बाहेर पडते. निरोगी गाळणी अल्ब्युमिनला अडवते. ती फाटकी झाली की प्रथिन वाहून जाते. हेच प्रथिन रक्तातील पाणी रक्तवाहिन्यांत धरून ठेवत असल्याने ते घटले की पाणी बाहेर झिरपते. त्यातच बिघडलेले मूत्रपिंड मीठही साठवून ठेवू लागते, आणि अंगावर सूज चढते. ब्राइट यांना यातले फारसे काही माहीत नव्हते. गाळणीभोवतीच्या कोशाची रचना विल्यम बोमन यांनी दाखवली ती १८४२ मध्ये. ब्राइट यांच्याजवळ होते ते डोळे, चमचा आणि वही.

या वहीच्या काळातच त्यांच्या घरात एक आघात झाला. गाइजमधील आपले गुरू डॉ. विल्यम बॅबिंग्टन यांची कन्या मार्था हिच्याशी १८२२ मध्ये त्यांचा विवाह झाला होता. पुढच्याच वर्षी बाळंतपणानंतर काही दिवसांत ती गेली. तान्हा मुलगा मागे राहिला. मृत्यू हा ज्याचा रोजचा सोबती त्या डॉक्टरच्या घरीही तो असाच, कुठल्याही तर्काविना आला. या दुःखाविषयी त्यांनी जाहीरपणे काही लिहिल्याचे दिसत नाही. त्यानंतरच्या वर्षांत त्यांची रुग्णटिपणे मात्र अधिकाधिक बारकाईची होत गेली. १८२६ मध्ये त्यांनी एलायझा फॉलेट यांच्याशी दुसरा विवाह केला. त्यांच्या मुलांपैकी एक, जेम्स फ्रँक, पुढे इतिहासकार म्हणून नावाजला.

१८२७ मध्ये त्यांच्या रुग्णवृत्तांताचा पहिला खंड बाहेर पडला. वीसहून अधिक रुग्णांच्या हकिकती त्यात मूत्रपिंड आणि सूज यांच्या संदर्भात आहेत. पुस्तकातील रंगीत चित्रे फ्रेडरिक रिचर्ड से या चित्रकाराने काढली आणि ती आजही वैद्यकीय चित्रकलेतील उत्तम कामांत गणली जातात. कापलेल्या मूत्रपिंडाचा पिवळसर, डागाळलेला पृष्ठभाग त्यांत असा उतरला आहे की पाहणाऱ्याच्या बोटांना ओलसरपणा जाणवावा. खंड महागडा होता. चित्रांचा खर्च श्रीमंत घरातील डॉक्टरलाच परवडणारा होता, हेही खरे.

जॉन बोस्टॉक या रसायनतज्ज्ञांची मदत त्यांना मोलाची ठरली. गवतफुलांच्या परागांमुळे होणाऱ्या तापाचे वर्णन करणारे ते हेच बोस्टॉक. या रुग्णांच्या लघवीत युरियाचे प्रमाण घटलेले आणि रक्तात मात्र युरियासारखा पदार्थ साठलेला, असे त्यांच्या पृथक्करणातून दिसू लागले. शरीरातला कचरा बाहेर टाकण्याचे काम थांबले की तो रक्तात साठतो, हे मूत्रपिंड निकामी होण्यामागचे मूळ सूत्र तिथे हाती आले. शेवटच्या अवस्थेत रुग्णाला झटके येतात, गुंगी येते, दृष्टी मंदावते, हे ब्राइट आधीच टिपत होते. आता त्यामागचे कारण अंधूकपणे दिसू लागले.

सगळ्यांनी हे मत लगेच स्वीकारले असे मात्र नाही. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांच्यासारख्या मातब्बर वैद्याला वाटे, की आधी लघवीत प्रथिन येते आणि त्यामुळे मूत्रपिंड बिघडते. ब्राइट कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करीत आहेत. दुसरीकडे एडिंबराचे रॉबर्ट क्रिस्टिसन आणि पॅरिसचे पिएर रेये यांनी ब्राइट यांची बाजू उचलून धरली आणि संशोधन पुढे नेले. ब्राइट स्वतः वादात फारसे उतरले नाहीत. आणखी रुग्ण पाहणे, हेच त्यांचे उत्तर होते. १८३६ मध्ये गाइज हॉस्पिटलच्या नव्या नियतकालिकात त्यांनी शंभर रुग्णांचा तक्ताच छापला.

या तक्त्यातील एक गोष्ट आजच्या वाचकाला थक्क करते. मूत्रपिंडे बिघडलेल्या अनेकांचे हृदय, विशेषतः डावी बाजू, मोठी आणि जाड झालेली होती. आणि पुष्कळांत हृदयाच्या झडपांत काही दोष नव्हता. मग हृदय का वाढले? ब्राइट यांनी दोन शक्यता मांडल्या. एकतर बदललेले रक्त हृदयाला थेट चेतवत असावे, किंवा बारीक रक्तवाहिन्यांतून ते रक्त पुढे ढकलण्यासाठी हृदयाला अधिक जोर लावावा लागत असावा. दुसरी शक्यता म्हणजे रक्तदाब. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची सोय व्हायला त्यानंतर साठ वर्षे जायची होती.

१८४२ मध्ये गाइजच्या व्यवस्थापनाने एक अभूतपूर्व गोष्ट केली. केवळ मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी दोन कक्ष सहा महिन्यांसाठी ब्राइट यांच्या हवाली केले. एक पुरुषांचा, एक स्त्रियांचा, मिळून ४२ खाटा. शेजारी सल्लामसलतीची खोली आणि एक छोटी प्रयोगशाळा. बार्लो आणि रीस हे सहकारी मदतीला. एकाच अवयवाच्या आजारासाठी रुग्णकक्ष आणि प्रयोगशाळा भिंतीला भिंत लावून उभी करण्याचा हा प्रयोग वैद्यकाच्या इतिहासात फार आधीचा मानला जातो. आज कोणत्याही मोठ्या रुग्णालयात ‘नेफ्रॉलॉजी विभाग’ अशी पाटी दिसते, तिचे मूळ या ४२ खाटांत आहे.

पण या खाटांवरच्या रुग्णांचे पुढे काय झाले? इथे ब्राइट यांच्या आयुष्यातील कडू भाग येतो. आजार ओळखण्यात ते जितके निष्णात झाले, तितकेच तो बरा करण्यात हतबल राहिले. रक्त काढणे, जुलाब, घाम आणणारी औषधे, गरम पाण्याची स्नाने, दुधाचा आहार, अंगात लोकरी कपडे घालून थंडीपासून बचाव, एवढाच त्यांचा भाता होता. आधीच रक्त फिकट पडलेल्या माणसाचे आणखी रक्त काढणे आज आपल्याला अघोरी वाटते. तेव्हा ते शास्त्रसंमत होते आणि ब्राइट आपल्या काळाच्या फार पुढे गेले नाहीत. सर्रास दिली जाणारी पाऱ्याची औषधे या रुग्णांना सोसत नाहीत, एवढे त्यांच्या ध्यानात आले होते. नुकता सुजलेला तरुण रुग्ण कधी कधी आपोआप सुधारे. पण मूत्रपिंड एकदा आकसू लागले की पुढचा मार्ग ठरलेला आहे, हे त्यांनी लपवले नाही. चमच्यात साका दिसला, की समोरच्या माणसाचे पुढचे काही महिने किंवा वर्षे कशी जाणार हे डॉक्टरला कळे. ते कळूनही दुसऱ्या दिवशी त्याच खाटेपाशी जाऊन पुन्हा चमचा तापवायचा, हे वीस वर्षे करणे सोपे नाही.

ज्यांच्या मृतदेहांवरून हे ज्ञान मिळाले ते जवळजवळ सगळे गरीब होते, हाही मुद्दा नजरेआड करता येत नाही. श्रीमंत रुग्ण घरी मरत आणि त्यांच्या शवविच्छेदनाला आप्त क्वचित राजी होत. धर्मादाय रुग्णालयात येणाऱ्याला ती निवड तितकीशी मोकळी नव्हती. सदर्कच्या त्या मजुरांचे ऋण आजच्या प्रत्येक मूत्रपिंडतज्ज्ञावर आहे.

ब्राइट यांच्या काळचे गाइज हे प्रतिभावंतांचे घर होते. थॉमस ॲडिसन आणि थॉमस हॉजकिन हे त्यांचे सहकारी. दोघांचीही नावे आजारांना मिळाली आणि ती अजून टिकून आहेत. तिघांचे स्वभाव तीन तऱ्हांचे. ॲडिसन बुजरे आणि वरकरणी कठोर. १८६० मध्ये नैराश्याने ग्रासून त्यांनी जीवन संपवले. हॉजकिन क्वेकर पंथाचे, उत्तर अमेरिकेतील आदिवासींवर व्यापारी कंपनीकडून होणाऱ्या अन्यायाविरुद्ध बोलणारे. रुग्णालयाचे सर्वेसर्वा त्या कंपनीशी संबंधित असल्याने १८३७ मध्ये हॉजकिन यांची बढती नाकारली गेली आणि त्यांनी गाइज सोडले. ब्राइट मात्र शांत, मनमिळाऊ, सर्वांना हवेसे. त्यांच्या वाट्याला मान आला. १८३७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या वैद्यांत त्यांची नेमणूक झाली, १८३८ मध्ये फ्रान्सचे माँत्याँ पदक मिळाले. सॅव्हिल रो या उच्चभ्रू रस्त्यावर त्यांचे घर होते आणि लंडनमधील पहिल्या प्रतीच्या सल्लागार वैद्यांत त्यांची गणना होई. मूत्रपिंडाखेरीज मेंदू, यकृत आणि स्वादुपिंड यांच्या विकारांवरही त्यांनी मूलभूत लेखन केले, ते मूत्रपिंडाच्या सावलीत झाकले गेले.

त्यांच्या श्रीमंत रुग्णांत एक मोठे नाव होते. ब्रिटनचा अफाट कल्पनेचा अभियंता इसंबार्ड किंग्डम ब्रुनेल. ‘ग्रेट ईस्टर्न’ हे महाकाय जहाज पाण्यात ढकलता ढकलता तो खचला होता. १८५८ मध्ये त्याला मूत्रपिंडाचा विकार असल्याचे निदान झाले आणि ब्राइट व ब्रोडी या डॉक्टरांनी त्याला हिवाळा इजिप्तच्या कोरड्या हवेत घालवण्याचा सल्ला दिला. त्या वर्षीचे नाताळचे जेवण ब्रुनेलने कैरोत रॉबर्ट स्टीफन्सन या मित्राबरोबर घेतले. मुंबईकरांसाठी हे नाव परके नाही. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावलेली पहिली आगगाडी ज्या ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची, त्या कंपनीचा सल्लागार अभियंता हाच स्टीफन्सन. योगायोग असा, की त्यालाही ब्राइट यांच्याच नावाचा आजार होता. एका मेजावर बसलेले हे दोन अभियंते पुढच्या वर्षी महिन्याभराच्या अंतराने गेले: ब्रुनेल सप्टेंबर १८५९ मध्ये, स्टीफन्सन ऑक्टोबरमध्ये.

ब्राइट यांच्या तक्त्यातले मोठ्या झालेल्या हृदयाचे कोडे उलगडण्यात पुढे गाइजच्याच एका डॉक्टरने मोठा वाटा उचलला, आणि त्याची मुळे भारतात होती. फ्रेडरिक अकबर महोमेद हे त्यांचे नाव. त्यांचे आजोबा शेख दीन महोमेद १७५९ मध्ये पाटण्यात जन्मले, इंग्रजीत पुस्तक लिहिणारे पहिले भारतीय म्हणून ओळखले गेले आणि इंग्लंडातील ब्रायटन येथे त्यांनी चंपी-मालिशची स्नानगृहे काढली. नातू अकबर यांनी विद्यार्थिदशेतच नाडीचा आलेख काढणारे यंत्र सुधारले आणि ते रुग्णांच्या मनगटावर लावले. लघवीत प्रथिन दिसण्याच्या आधीच नाडीवरचा दाब वाढलेला असतो आणि काही माणसांत मूत्रपिंड निरोगी असूनही तो वाढलेला राहतो, हे त्यांनी १८७० च्या दशकात दाखवले. वाढलेला रक्तदाब हा स्वतंत्र विकार आहे, या आजच्या समजुतीचा हा पाया. १८८४ मध्ये विषमज्वराने ते गेले तेव्हा त्यांचे वय पस्तिशीच्या पुढे नव्हते. ब्राइट यांच्या तुलनेत त्यांचे नाव आपल्याकडे तरी अधिक परिचित असायला हवे होते.

‘ब्राइट्स डिसीज’ हे नाव विसाव्या शतकात हळूहळू पुसले गेले. सूक्ष्मदर्शक आणि पुढे सुईने मूत्रपिंडाचा तुकडा काढून तपासण्याचे तंत्र आल्यावर एका नावाखाली कितीतरी वेगवेगळे आजार दडले होते हे दिसले. घसा किंवा त्वचेच्या जंतुसंसर्गानंतर येणारी सूज, लहान मुलांतील नेफ्रॉटिक विकार, मधुमेहाने पोखरलेल्या गाळण्या, रक्तदाबाने आकसलेली मूत्रपिंडे. प्रत्येकाचे नाव वेगळे, उपचार वेगळे. उपचारही आले. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये जर्मनव्याप्त हॉलंडमधील काम्पेन गावी सॉसेजच्या आवरणाचा सेलोफेन वापरून रक्त शुद्ध करणारे यंत्र बनवले. १९५४ मध्ये बोस्टनला जुळ्या भावांमध्ये मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण झाले. १९६० मध्ये सिॲटलच्या बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हाताच्या रक्तवाहिनीत कायम ठेवता येईल अशी नळी बसवली आणि डायलिसिस वर्षानुवर्षे करणे शक्य झाले. आपल्याकडे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये १९७१ साली पहिले यशस्वी प्रत्यारोपण झाले. डायलिसिस हा शब्द मराठी घराघरांत पोहोचला तो बहुधा जयप्रकाश नारायण यांच्यामुळे. आणीबाणीतील स्थानबद्धतेनंतर नोव्हेंबर १९७५ मध्ये ते मुंबईच्या जसलोक रुग्णालयात दाखल झाले. मूत्रपिंडे निकामी झाली होती. त्यानंतर ऑक्टोबर १९७९ मध्ये पाटण्यात मृत्यू येईपर्यंत, आणीबाणीनंतरच्या राजकारणाची सगळी उलथापालथ त्यांनी यंत्राच्या आधारे जगत पाहिली. ब्राइट यांच्या ४२ खाटांवरील एकाही रुग्णाला अशी चार वर्षे देणे तेव्हा शक्य नव्हते.

वार्तांकनाच्या निमित्ताने प्रस्तुत लेखकाने शहरातील काही डायलिसिस केंद्रे पाहिली आहेत. आठवड्यातून दोन-तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, अशा पाळ्या लावून माणसे तिथे येतात. डबा सोबत, हातात पाण्याची छोटी बाटली. दिवसभरात तेवढेच प्यायचे, हा दंडक. त्यांतल्या बहुतेकांना आजार कळला तो मूत्रपिंडे जवळजवळ संपल्यावर. मूत्रपिंडाचा विकार दुखत नाही, हीच त्याची मोठी अडचण. पाय सुजेपर्यंत, भूक मरेपर्यंत माणूस कामावर जात राहतो. या सगळ्याच्या कितीतरी आधी लघवीत अल्ब्युमिन उतरू लागलेले असते. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या रुग्णाची त्यासाठी वेळेवर तपासणी झाली तर गोळ्यांनी, मीठ कमी करून, साखर आवरून पुढचा प्रवास बऱ्याच प्रमाणात लांबवता येतो. मेणबत्तीच्या जागी आता रसायन लावलेली कागदी पट्टी आणि प्रयोगशाळेतील यंत्र आले आहे, शोधायचा पदार्थ तोच.

१८४४ च्या सुमारास ब्राइट गाइजच्या कामातून निवृत्त झाले. त्यानंतर खासगी सल्ला आणि प्रवास असे त्यांचे आयुष्य चालले. त्यांना स्वतःला मूत्रपिंडाचा विकार झाला नाही. हृदयाने दगा दिला. डिसेंबर १८५८ मध्ये अल्पशा आजारानंतर, १६ तारखेला, सॅव्हिल रो येथील घरी त्यांचे निधन झाले. वय ६९. शेकडो माणसांची शवविच्छेदने करणाऱ्या या डॉक्टरच्या देहाचेही शवविच्छेदन झाले. हृदयातून महारोहिणीकडे उघडणारी झडप चुन्यासारखी कडक होऊन अतिशय अरुंद झालेली आढळली. ब्रुनेल तेव्हा त्यांच्याच सल्ल्यावरून इजिप्तच्या प्रवासाला निघालेला होता.

लंडनच्या केन्सल ग्रीन दफनभूमीत डॉ. ब्राइट यांना पुरण्यात आले. नऊ महिन्यांनी ब्रुनेललाही त्याच दफनभूमीत आणले गेले.